वारंवार घोडा दाखवूनही घोडी गाभण का राहत नाही? गर्भाशयाच्या तपासण्या नेमके काय सांगतात?

छत्रपती संभाजीनगर : घोड्यांच्या बाजारात खरेदीदार काय काय पाहतो? तोंड उघडून दात पाहतो, अंगावरचे भोवरे मोजतो, घोडी पंचकल्याणी आहे का ते बघतो, चार पावले दुडकी चालवून पायांचा अंदाज घेतो. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा असो की नांदेड जिल्ह्यातील माळेगाव, मार्गशीर्षातल्या यात्रांमध्ये हा सोहळा तासन् तास चालतो. एक अवयव मात्र कुणीच पाहत नाही आणि उघड्या डोळ्यांनी तो पाहताही येत नाही. तो म्हणजे घोडीचे गर्भाशय. तिथे विकणाऱ्याच्या शब्दावर काम चालते: ‘गाभण आहे’ किंवा ‘दरवर्षी शिंगरू देते’.

खरी गोष्ट चैत्र-वैशाखात कळते. घोडीला घोडा दाखवला जातो. तीन आठवड्यांनी ती पुन्हा माजावर येते. पुन्हा घोडा, पुन्हा तेच. दोन हंगाम असे गेले की तिच्यावर ‘वांझ’ असा शिक्का बसतो आणि पुढच्या यात्रेत ती दुसऱ्याच्या गळ्यात बांधली जाते. अर्थातच वांझ असल्याचे न सांगता.

यातल्या बऱ्याच घोड्या वांझ नसतात. त्यांच्या गर्भाशयात बरा होण्याजोगा दाह असतो आणि तो शोधण्याच्या तपासण्या जगभर अनेक दशकांपासून रूढ आहेत. अडचण अशी की एकच एक चाचणी सगळे सांगत नाही. कोणती चाचणी कधी आणि कोणत्या क्रमाने करायची, यावर निदान बरोबर येणार की चूक, हे ठरते.

एक वर्ष वाया जाते म्हणजे काय?

घोडीचा गर्भकाळ साधारण ३४० दिवसांचा, म्हणजे अकरा महिन्यांचा. त्यात चूक सुधारायला फारशी जागा नाही. हंगाम हुकला तर थेट पुढच्या वर्षाची वाट. तोपर्यंत चारा, खुराक, नाल आणि तबेल्याचा खर्च चालूच.

ज्यांचे पोट वरातीच्या घोडीवर आहे, त्यांची कोंडी आणखी वेगळी. घोडी हा दिवस मोठा होत जाताना माजावर येणारा प्राणी आहे. थंडीत बहुतेक घोड्यांचे अंडाशय शांत असते, उन्हाळ्याकडे ते जागे होते. संभाजीनगरात सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांच्या आसपास. युरोपाइतका हा फरक मोठा नाही, म्हणून इथे काही घोड्या हिवाळ्यातही माज दाखवतात. तरी मुख्य हंगाम वसंत आणि उन्हाळ्याचाच. नेमकी तेव्हाच लगीनसराई जोरात असते. ज्या संध्याकाळी घोडीला घोडा दाखवायचा किंवा डॉक्टरांकडे न्यायचे, त्याच संध्याकाळी तिची सुपारी घेतलेली असते. दिवस हुकतो आणि दोष घोडीला लागतो.

म्हणून पहिला प्रश्न गर्भाशयाचा नसून तारखांचा आहे. माजाचे चक्र २१ ते २२ दिवसांचे. त्यातले पाच ते सात दिवस प्रत्यक्ष माज. बीज सुटते ते माज संपण्याच्या एक-दोन दिवस आधी. पहिल्याच दिवशी घोडा दाखवून मोकळे झालेल्या मालकाची घोडी उलटली, तर आधी वही तपासावी आणि मग गर्भाशय. वही नसेल तर मोबाइलचे कॅलेंडर पुरते. माज कधी सुरू झाला, कधी संपला, घोडा कधी दाखवला, स्राव दिसला का, मागचे शिंगरू कधी झाले, वार किती वेळाने पडली. पशुवैद्यकाला ही माहिती मिळाली की निम्मी वाट सोपी होते.

याच कारणाने डिसेंबरच्या बाजारात ‘ही माजावर येत नाही’ म्हणून स्वस्तात मिळणारी घोडी आजारीच असेल असे नाही. त्या महिन्यात माज नसणे हे तिच्या शरीराचे साधे वेळापत्रक असू शकते.

गर्भाशयात बिघडते काय?

घोडा लागल्यावर वीर्य थेट गर्भाशयात पडते. त्यासोबत जंतू आणि घाणही जाते. त्यावर गर्भाशयाला सूज येते आणि ही सूज आजार नाही, ती सफाई आहे. पांढऱ्या पेशी धावून येतात, गर्भाशय आकुंचन पावते, स्राव खुल्या मुखातून बाहेर टाकला जातो. निरोगी घोडीत हे काम एक ते दोन दिवसांत उरकते. त्याला महत्त्व आहे, कारण फलित बीज नळीतून उतरून साधारण सहाव्या दिवशी गर्भाशयात येते. तोवर घर स्वच्छ झालेले हवे.

काही घोड्यांत सफाई अर्धवट राहते. द्रव साचतो, दाह टिकतो, आलेला गर्भ तग धरत नाही. जास्त वयाच्या आणि अनेकदा व्यालेल्या घोड्यांत हे जास्त दिसते. त्यामागे साधे गुरुत्वाकर्षण आहे. अनेक बाळंतपणांनंतर गर्भाशय सैल पडून पोटाच्या बाजूला खाली लोंबते, तर बाहेर जाण्याचा मार्ग वर कंबरेच्या हाडावरून जातो. टाकीचा नळ तळाऐवजी वरच्या कडेला बसवला तर पाणी कसे निघणार? त्यात गर्भाशयाचे मुख माजातही नीट उघडत नसेल, तर तुंबणे ठरलेलेच.

साचलेल्या द्रवात जंतू वाढतात. घोड्यांमध्ये सर्वाधिक सापडणारे दोन म्हणजे स्ट्रेप्टोकोकसचा झूएपिडेमिकस हा प्रकार आणि ई. कोलाय. क्लेब्सिएला आणि स्यूडोमोनासही आढळतात. वारंवार प्रतिजैविके सोडलेल्या गर्भाशयात कॅन्डिडा किंवा अ‍ॅस्परजिलससारखी बुरशी घर करते आणि ती काढणे जंतूंपेक्षा कठीण जाते.

तपासणी सुरू होते शेपटीखालून

सोनोग्राफी यंत्र चालू करण्याआधी जाणकार पशुवैद्यक घोडीच्या मागे उभा राहून नुसते पाहतो. योनीमुखाच्या दोन्ही कडा घट्ट मिटलेल्या हव्यात आणि त्यांची ठेवण जवळपास उभी हवी. त्यांचा मोठा भाग कंबरेच्या हाडाच्या पातळीखाली असावा. ठेवण तिरकी झाली, गुदद्वार आत ओढले गेले, तर लीद थेट योनीमुखावर पडते आणि चालताना हवा आत शिरते. काही घोड्या दुडकी चालल्या की हवेचा आवाजही येतो. मालक त्याकडे गंमत म्हणून पाहतात, पण तो जंतूंसाठी उघडलेला दरवाजा असतो.

मराठवाड्यात या मुद्द्याला चाऱ्याचीही बाजू आहे. घोडी हाडकुळी झाली की गुदद्वाराभोवतीची चरबी जाते, तो भाग आत बसतो आणि योनीमुख तिरके होते. दुष्काळी उन्हाळ्यात खंगलेल्या वयस्क घोडीचा गर्भाशयदाह कधी कधी चाराटंचाईपासून सुरू झालेला असतो. तिला आधी औषध नाही, खुराक लागतो. ठेवण कायमची बिघडली असेल तर योनीमुखाचा वरचा भाग शिवून बंद करण्याची छोटी शस्त्रक्रिया आहे. अमेरिकी पशुवैद्यक कॅस्लिक यांनी १९३७ मध्ये तिचे वर्णन केले आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. टाके घातले आहेत हे मात्र विसरून चालत नाही. व्यायच्या आधी ते उघडावे लागतात, नाहीतर भाग फाटतो.

त्यानंतर गुदमार्गातून हाताने तपासणी आणि त्याच मार्गाने सोनोग्राफी. गायी-म्हशींमध्ये हे काम रोजचे, पण घोडीत सावधगिरी कैक पटींनी जास्त लागते. घोडीच्या गुदाशयाची भिंत नाजूक असते. घोडी बिथरली, जोरात कुंथली आणि भिंत फाटली तर जीवावर बेतू शकते. म्हणून मजबूत खोडा, भरपूर वंगण, गरज पडल्यास गुंगीचे औषध आणि घोड्यांचा हात असलेला डॉक्टर या चार गोष्टी असल्याशिवाय घाई करू नये. ‘गाय तपासतो तसेच तपासा’ असा आग्रह मालकाने धरू नये.

सोनोग्राफीत काय दिसते? पडद्यावर द्रव काळा दिसतो. माजात थोडासा द्रव चालतो, पण थराची खोली दोन सेंटिमीटरच्या पुढे गेली किंवा घोडा दाखवून दोन दिवस झाले तरी द्रव तसाच असेल, तर संशय पक्का होतो. द्रव स्वच्छ काळा आहे की त्यात पांढरे कण तरंगतात, यावरून पू आहे का याचा अंदाज येतो. त्याच वेळी अंडाशयावरची फोड किती मोठी आहे हेही कळते, म्हणजे घोडा कधी दाखवायचा तो दिवसही ठरतो. एकाच बैठकीत दोन कामे.

स्वॅब : सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत फसवी चाचणी

गर्भाशयातून कापसाच्या बोळ्याने नमुना घ्यायचा आणि प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहायचे, हे ऐकायला सरळ वाटते. गडबड नमुना घेण्यापासूनच सुरू होते. योनीमार्गात जंतू असतातच. उघडा बोळा आत नेला तर तो वाटेतलेच जंतू गोळा करतो आणि अहवालात ‘संसर्ग’ येतो. म्हणून दुहेरी आवरणाचा स्वॅब वापरतात, जो गर्भाशयात पोहोचल्यावरच उघडतो आणि बाहेर काढण्यापूर्वी पुन्हा मिटतो. नमुना माजाच्या सुरुवातीला घ्यायचा, कारण तेव्हा मुख उघडे असते. आणि त्याआधी घोडी गाभण नाही याची खात्री करायची. हे सांगण्याची गरज वाटू नये, पण गाभण घोडीच्या गर्भाशयात नळी घातली तर गर्भ जाऊ शकतो.

पुढचा शत्रू म्हणजे मे महिना. संभाजीनगरात पारा चाळिशीच्या पुढे असताना नमुना दुचाकीच्या डिकीत दुपारभर फिरला, तर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत त्यात मूळ जंतू मेलेले आणि भलतेच वाढलेले असू शकतात. योग्य वाहक द्रवातली नळी, बर्फाचा डबा आणि चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळा, इतके जमत नसेल तर पैसे वाचवलेले बरे.

सगळे नीट केले तरी स्वॅब बऱ्याच वेळा संसर्ग चुकवतो. जंतू अस्तराच्या आत खोल दडलेले असतील किंवा स्वतःभोवती चिकट थर करून बसले असतील, तर वरवर फिरवलेल्या बोळ्याला ते लागत नाहीत. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अस्तरात दाह सिद्ध झालेल्या घोड्यांपैकी स्वॅबने जेमतेम एक तृतीयांश पकडल्या, तर अस्तराच्या तुकड्यावरून केलेल्या कल्चरने ऐंशी टक्क्यांहून अधिक. म्हणजे ‘स्वॅब निगेटिव्ह’ या अहवालाचा अर्थ ‘गर्भाशय निरोगी’ असा होत नाही.

यावर उपाय म्हणजे स्वॅबला जोडीदार देणे. तो जोडीदार म्हणजे पेशींची तपासणी. बारीक ब्रश गर्भाशयाच्या अस्तरावर फिरवून त्या पेशी काचपट्टीवर पसरतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दाह असेल तर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी दिसतात. प्रयोगशाळेगणिक मर्यादा बदलते, पण शंभर पेशींत दोनहून जास्त न्यूट्रोफिल सापडले तर दाह मानण्याची पद्धत बरीच रूढ आहे. खर्च कमी, उत्तर त्याच दिवशी, आणि सूक्ष्मदर्शक तर तालुक्याच्या दवाखान्यातही असू शकतो. आपल्याकडच्या परिस्थितीत सर्वांत हिशेबी चाचणी हीच म्हणावी लागेल.

दोन्ही अहवाल एकत्र वाचायचे असतात. जंतू सापडले आणि न्यूट्रोफिलही आहेत, तर संसर्ग खरा. जंतू आहेत पण दाह नाही, तर नमुना घेताना घाण लागली असण्याची शक्यता मोठी. इथेही अपवाद आहेच. ई. कोलायच्या संसर्गात काही घोड्यांत पांढऱ्या पेशी फार दिसत नाहीत. दाह आहे पण जंतू नाहीत, तर ते खोल दडलेले असतील किंवा साचलेला द्रव नाहीतर आत शिरलेली हवाच त्रास देत असेल. अशा वेळी थोडे निर्जंतुक सलाईन गर्भाशयात सोडून तेच परत गोळा करतात आणि त्या पाण्याची तपासणी करतात. बोळा एका जागी टेकतो, पाणी सगळीकडे फिरते.

बायोप्सी कुणासाठी?

‘बायोप्सी’ म्हटले की माणसांच्या अनुभवावरून कर्करोग आठवतो. घोडीत तसे नाही. लांब चिमट्याने अस्तराचा लहानसा तुकडा घेतात. त्या अस्तराला वेदना फारशी जाणवत नाही आणि घोडी बहुधा शांत उभी राहते. या तुकड्यावरून दाह किती, ग्रंथींभोवती किती तंतू साचले, म्हणजे व्रण किती कायमचा, हे कळते.

अमेरिकी पशुवैद्यक केनी यांनी १९७८ मध्ये याची वर्गवारी मांडली आणि १९८६ मध्ये डॉइग यांच्यासोबत ती सुधारली. पहिल्या वर्गातील घोडीला योग्य देखभालीत शिंगरू होण्याची शक्यता ८० ते ९० टक्के. दुसऱ्या वर्गाच्या ‘अ’ गटात ५० ते ८०, ‘ब’ गटात १० ते ५०. तिसऱ्या वर्गात जेमतेम १० टक्के. दाह औषधाने उतरतो, व्रण उतरत नाही. त्यामुळे दोन हंगाम रिकाम्या गेलेल्या चांगल्या घोडीवर आणखी एक हंगाम लावायचा की नाही, हा व्यवहाराचा प्रश्न बायोप्सी सोडवते. दर वर्षी व्यायणाऱ्या तरुण घोडीला तिची गरज नाही.

पोट मोठे दिसते, म्हणून गाभण?

बाजारातली ही जुनी फसगत. काही वेळा विकणारा फसवत असतो, काही वेळा तोही फसलेला असतो. घोडीच्या गर्भाशयात कित्येक लिटर पू साचूनही ती नीट खाते, तिला ताप नसतो, ती धडधाकट दिसते. कुत्रीप्रमाणे ती लगेच खचत नाही. माज थांबलेला, पोट भरलेले, म्हणजे गाभण, असा समज होतो. अकरा महिने उलटतात आणि शिंगरू काही येत नाही.

उलटी गडबडही होते. जास्त वयाच्या घोड्यांच्या गर्भाशयात पाण्याच्या गाठी असतात. सोनोग्राफीत त्या हुबेहूब पंधरा दिवसांच्या गर्भासारख्या दिसतात, काळ्या आणि गोल. खरा गर्भ सोळाव्या दिवसापर्यंत गर्भाशयात फिरत असतो आणि रोज वाढतो, गाठ जागची हलत नाही. म्हणून हंगामाच्या आधीच सोनोग्राफी करून गाठी कुठे आणि किती मोठ्या आहेत ते लिहून ठेवावे. गर्भाची पहिली तपासणी घोडा दाखवल्यापासून चौदा ते सोळा दिवसांत करतात. जुळी असतील तर तीही तेव्हाच कळतात, आणि घोडीत जुळी म्हणजे बहुतेकदा गर्भपात. गर्भाच्या हृदयाचे ठोके पंचविसाव्या दिवसाच्या आसपास दिसू लागतात.

रक्ताची चाचणीही इथे दगा देऊ शकते. पस्तिसाव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयाच्या अस्तरात तयार होणाऱ्या गाठोळ्या एक संप्रेरक सोडू लागतात. त्यानंतर गर्भ गेला तरी त्या काही काळ संप्रेरक सोडतच राहतात. रक्त म्हणते गाभण, सोनोग्राफी म्हणते रिकामी. अशी घोडी बरेच आठवडे नीट माजावरही येत नाही.

वार तीन तासांत पडायलाच हवी

गायीची वार बारा तास, कधी त्याहून जास्त वेळ अडकली तरी गावाकडे फारशी धावपळ होत नाही. तोच हिशेब घोडीला लावणे ही या सगळ्या विषयातली सर्वांत महागडी चूक आहे. व्याल्यापासून तीन तासांत वार पडली नाही तर ती तातडीची स्थिती. लहानसा तुकडा आत राहिला तरी गर्भाशय सडू लागते, विष रक्तात जाते आणि खुरांच्या आतला भाग सुजून घोडी कायमची लंगडी होऊ शकते किंवा दगावते. वार हाताने ओढायची नाही, तिला वजन बांधायचे नाही. लोंबणारा भाग घोडीच्या पायाखाली येऊ नये म्हणून वर गाठ मारून ठेवायचा आणि डॉक्टरांना बोलवायचे.

पडलेली वार लगेच पुरू नये. ती स्वच्छ बादलीत झाकून ठेवावी. पशुवैद्यक ती जमिनीवर पसरून पूर्ण आहे का ते पाहतो. फाटून आत राहतो तो बहुधा गर्भ नसलेल्या शिंगाच्या टोकाचा भाग. पुढच्या हंगामातले न राहणे कित्येकदा या एका रात्रीत ठरलेले असते.

व्याल्यानंतर साधारण सातव्या ते दहाव्या दिवशी घोडी पहिल्यांदा माजावर येते. वर्ष वाचवण्यासाठी अनेक जण त्याच माजात घोडा दाखवतात. वार अडकली असेल, बाळंतपण अवघड गेले असेल किंवा सोनोग्राफीत द्रव दिसत असेल, तर तो माज सोडून द्यावा.

यात्रेतल्या घोड्याचे काय?

गर्भाशय घोडीचे असले तरी संसर्ग घोड्याकडूनही येतो. १९७७ मध्ये इंग्लंडच्या न्यूमार्केटमधील स्टड फार्मवर घोड्यांचा एक नवाच संसर्गजन्य गर्भाशयदाह उघड झाला. नर घोडे निरोगी दिसत होते, पण एकापाठोपाठ एक घोड्यांना ते जंतू देत होते. तेव्हापासून हंगामापूर्वी नर आणि मादी दोघांचेही स्वॅब घेण्याची पद्धत तिकडे पक्की झाली. भारतातही हा रोग पशुरोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत ग्लँडर्स आणि सर्रा यांच्यासोबत नोंदलेला आहे.

पुणे परिसरातील शर्यतीच्या घोड्यांच्या स्टड फार्मवर हंगामातली सोनोग्राफी नवी राहिलेली नाही. काठियावाडी, मारवाडी किंवा अलीकडे स्वतंत्र जात म्हणून नोंदणी मिळालेल्या भीमथडी घोड्यांच्या मालकांकडे ही शिस्त क्वचित दिसते. गावोगाव फिरणारा नामांकित घोडा एका आठवड्यात अनेक घोड्यांना दाखवला जातो. त्याचे चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, त्याच्या तपासणीचा कागद फिरत नाही. किमान घोडीची शेपटी गुंडाळून बांधणे आणि मागचा भाग कोमट पाण्याने धुऊन कोरडा करणे तरी सगळ्यांना परवडणारे आहे.

संभाजीनगरकरांनी जायचे कुठे?

आजारी जनावरासाठी १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची सोय आहे आणि शहरात पशुसंवर्धन विभागाचे जिल्हा सर्वचिकित्सालय आहे. वार अडकणे, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव अशा तातडीत तिथूनच सुरुवात करावी. वंध्यत्वाच्या सखोल तपासणीसाठी जवळचे ठिकाण म्हणजे परभणीचे पशुवैद्यक व पशुविज्ञान महाविद्यालय, रस्त्याने साधारण दोनशे किलोमीटर. दुसरे लातूर जिल्ह्यात उदगीरला. दोन्ही नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची. पशुप्रजनन विभागाला आधी फोन करून घोडीसाठी कोणता दिवस, कोणती तपासणी होईल हे विचारावे आणि माजाच्या तारखेशी ते जुळवून मगच गाडी ठरवावी. चुकीच्या दिवशी दोनशे किलोमीटर नेलेली घोडी तशीच परत येते.

देशातील पहिली पशुवैद्यकीय शाळा १८६२ मध्ये पुण्यात लष्करासाठी सुरू झाली, ती घोड्यांसाठीच. घोड्यांच्या वैद्याला ‘सालोत्री’ म्हणत, शालिहोत्र ऋषींच्या नावावरून. आज चित्र उलटे आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाखांच्या आसपास असलेले घोडे आणि तट्टू २०१९ मध्ये तीन लाख ४० हजारांवर आले. रुग्णच कमी झाल्यावर घोड्यांचा सराव असलेले हातही कमी होणार. गोठ्यात फिरणाऱ्या डॉक्टरांना घोडी वर्षातून एखादी भेटते.

मग उपचार काय?

निदानावर अवलंबून. नुसता द्रव साचत असेल तर घोडा दाखवल्यानंतर चार ते सहा तासांनी सलाईनने गर्भाशय धुणे आणि आकुंचनासाठी ऑक्सिटोसिन, इतक्यावर अनेक घोड्यांचे काम भागते. शुक्रजंतू तोवर नळीत पोहोचलेले असतात आणि गर्भ उतरायला अजून अवधी असतो, म्हणून ही वेळ सुरक्षित. जंतू सिद्ध झाले तर संवेदनशीलता चाचणी पाहून नेमके प्रतिजैविक. बुरशी असेल तर औषध वेगळे आणि धीर जास्त.

सर्रास होते ते याच्या उलट. ‘एकदा आतून वॉश करून घ्या’ म्हणून दर माजाला हाताशी असेल ते प्रतिजैविक सोडले जाते. मूळ कारण तिरके योनीमुख किंवा तुंबलेला निचरा असेल तर औषधाने दोन आठवडे बरे वाटते आणि पुढच्या माजाला जंतू परत. दोन-तीन वेळा असे झाले की औषधाला न जुमानणारे जंतू किंवा बुरशी उरते. औषधावर झालेल्या खर्चात सोनोग्राफी आणि काचपट्टी दोन्ही बसल्या असत्या.

आणि तिसऱ्या वर्गातल्या घोडीचे काय? चाल, उंची, वंश उत्तम, पण गर्भाशय गर्भ पेलू शकत नाही. तिच्यासाठी दुसऱ्या घोडीच्या पोटाचा मार्ग आता देशात सिद्ध झाला आहे. राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या बिकानेर येथील केंद्रात १९ मे २०२३ रोजी भ्रूण प्रत्यारोपणातून मारवाडी जातीचे शिंगरू जन्मले. त्याचे नाव ‘राज-प्रथम’, वजन २३ किलो. दात्या घोडीचे गर्भाशय फार दाहलेले असेल तर तिच्यातून भ्रूण मिळण्याची शक्यताही घटते, म्हणून तिच्यावर आधी उपचार करावे लागतात. आणि जिच्या पोटात भ्रूण ठेवायचा ती घोडी निवडताना पुन्हा तीच सोनोग्राफी, तोच ब्रश आणि तीच काचपट्टी लागते.